ज्यांना ऐकू येत नाही त्यांना धोका कसा कळावा?

यंदा होळी झाल्यावर चौथ्या रात्री आमच्या घराशेजारच्या कडब्याच्या गंजीला आग लागली. रात्रीचे दीड-दोन वाजले असतील. "आग! आग!" अशी बोंब उठली. कोणी ताटे बडवली, कोणी मोटारसायकलचा भोंगा दाबून धरला, गल्लीतली सगळी कुत्री भुंकू लागली. आई मला आणि धाकट्या भावाला घेऊन देवळासमोर पळाली. बाबा मोटार चालू करायला विहिरीकडे धावले.

आमची आजी पडवीत बाजेवर निजते. गंजीपासून पडवी बारा पावलांवर आहे, मी नंतर मोजली. आईला वाटले, बाबांनी आजीला उठवले असेल. बाबांना वाटले, आईने उठवले. मला तर वाटलेच नाही की कोणाला उठवावे लागेल, कारण एवढ्या गोंगाटात कोण निजून राहील? देवळापाशी काकीने सगळ्यांकडे पाहिले आणि ती एकदम ओरडली, "आत्याबाई कुठं हायेत?" (आई आणि काकी आजीला आत्याबाई म्हणतात.) मग ती तशीच अनवाणी परत पळाली.

आजी डोक्यावरून गोधडी घेऊन गाढ निजली होती. काकीने खांदा धरून हलवले तेव्हा ती म्हणाली, "काय गं, चार वाजलं का?"

वारा उलट्या बाजूचा होता म्हणून घर वाचले. कडबा सगळा गेला. पण त्या रात्रीनंतर आईला नीट झोप लागत नव्हती. ती दोनदा उठून पडवीत जाऊन यायची.

ही हकिगत मी वर्गात सांगितली. गुरुजी थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी फळ्यावर एक प्रश्न लिहिला : आपल्या गावात धोका आहे हे आपल्याला कशाने कळते? मुलांनी भराभर सांगितले. एस. टी. चा भोंगा, सायकलची घंटी, बैलांच्या गळ्यातले घुंगरू, कुकरची शिट्टी, कुत्र्याचे भुंकणे, ग्रामपंचायतीचा कर्णा. नदीकाठच्या मामाच्या गावाला राहून आलेला एक मुलगा म्हणाला, धरणातून पाणी सोडताना भोंगा वाजवतात. फळा भरून गेला. गुरुजींनी विचारले, यातले कानाशिवाय कळणारे कोणते? आम्ही पाहतच राहिलो. फळ्यावर तसे एकही नव्हते.

गुरुजी म्हणाले, तुझ्या आजीला अगदीच ऐकू येत नाही का? मी म्हटले, तेच तर नवल आहे. बाबा साधे बोललेले तिला कळते आणि मी बेंबीच्या देठापासून ओरडले तरी कळत नाही. ढोल ऐकू येतो, म्हशीचे हंबरणे ऐकू येते, पण कुकरच्या दहा शिट्ट्या झाल्या तरी ती शेजारी बसून शेंगा फोडत असते. आम्ही घरात तिला हसायचो. 'आजीला कामाचं तेवढं ऐकू येत नाही' असे म्हणायचो. आता मला त्याचे वाईट वाटते.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी आजीला शाळेत बोलावले. ती आधी लाजली, मग नवे लुगडे नेसून आली. तिला खुर्चीवर आमच्याकडे पाठ करून बसवले आणि सांगितले, आवाज ऐकू आला की हात वर करा. गुरुजींनी प्रार्थनेच्या पेटीवर पांढरी एकमधला मध्य सप्तकाचा सा धरला. आजीचा हात वर. तार सप्तकाचा सा धरला. पुन्हा हात वर. मग कवायतीची शिट्टी जोरात फुंकली. आमचे कान किटले, पण आजी शांत बसून होती. वर म्हणाली, "वाजवा की, का थांबला?" सगळा वर्ग हसला, पण गुरुजी हसले नाहीत.

त्यांनी याचे कारण सांगितले ते असे. आवाज म्हणजे हवेची कंपने. सेकंदाला कंपने कमी तर आवाज जाड, कंपने जास्त तर आवाज बारीक. पेटीवर पांढरी एकचा मध्य सा धरला की सेकंदाला सुमारे २६२ कंपने होतात आणि तार सा धरला की सुमारे ५२३. शिट्टीची कंपने दोन-तीन हजारांच्या घरात जातात. आपल्या कानात आतल्या बाजूला गोगलगाईच्या शंखासारखी वेटोळी नळी असते. तिच्यात बारीक केसांसारखे तंतू असलेल्या पेशी असतात. नळीच्या तोंडाशी असलेल्या पेशी बारीक आवाज टिपतात, आणि आत आत गेले की जाड आवाज टिपणाऱ्या पेशी लागतात. वय वाढले, किंवा माणूस वर्षानुवर्षे गिरणीच्या, यंत्राच्या खडखडाटात राबला, की आधी तोंडाशी असलेल्या पेशी निकामी होतात. त्या पुन्हा उगवत नाहीत. म्हणून म्हाताऱ्या माणसांना बारीक आवाज आधी बंद होतो आणि जाड आवाज बराच काळ टिकतो. आणि आपण काय करतो? ऐकू आले नाही की ओरडतो. ओरडले की आवाज आणखी बारीक होतो! आजी मला नेहमी म्हणते, "पोरी, किंचाळू नको, जाड बोल." ती शास्त्रच सांगत होती.

असे लोक थोडेथोडके नाहीत. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात ऐकण्याचे अपंगत्व असलेले ५० लाखांवर लोक नोंदले गेले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सांगितले की जगात ४३ कोटींहून अधिक लोकांना ऐकू कमी येण्यासाठी उपचाराची किंवा साधनाची गरज आहे. आमच्या आजीसारख्या पुष्कळ जणी तर कुठल्याच मोजणीत आल्या नसतील, कारण घरात 'वय झालं' एवढेच म्हणतात.

कोणी म्हणेल, कानाचे मशीन लावावे. आजीला मशीन आहे. पण निजताना ते काढून ठेवतात. कुशीवर वळले की ते टोचते आणि शिट्टी मारते, शिवाय सेलही संपतो. म्हणजे दिवसा थोडे ऐकू येणारे माणूसही रात्री पुरते बहिरे होते. आग, साप, पूर, गॅस हे तर रात्रंदिवस पाहून येत नाहीत.

शहरातल्या मोठ्या इमारतींत आणि परदेशांत घराघरांत छताला धुराची सूचना देणारे यंत्र लावतात. ते कसे चालते हे गुरुजींनी कवडशावरून समजावले. आपल्या कौलाच्या फटीतून उन्हाचा कवडसा येतो. हवा स्वच्छ असली तर मधली उन्हाची रेघ दिसत नाही, धूळ उडाली की ती लख्ख दिसते, कारण धुळीच्या कणांवर आपटून उजेड आपल्या डोळ्यांकडे वळतो. यंत्रातही एका काळ्या डबीत उजेडाची तिरीप सोडलेली असते आणि तिच्या वाटेत न येईल असा बाजूला एक विजेचा डोळा बसवलेला असतो. धूर आत शिरला की उजेड वळून त्या डोळ्यावर पडतो आणि यंत्र बोंब मारते. (आमच्या स्वयंपाकघरात असले यंत्र लावले तर प्रत्येक फोडणीला गाव गोळा होईल, असे आई म्हणाली. ते खरे आहे. म्हणून स्वयंपाकघरात धुराऐवजी उष्णता ओळखणारे यंत्र लावतात.)

यंत्राचा आवाज तीन मीटरवर ८५ डेसिबलइतका, म्हणजे चांगलाच मोठा असतो. पण तो असतो सेकंदाला सुमारे ३१०० कंपनांचा, आमच्या पेटीच्या शेवटच्या पट्टीच्याही वरचा! म्हणजे ज्यांना सूचनेची सर्वांत जास्त गरज, त्यांनाच तो ऐकू येत नाही. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात व्हिक्टोरिया विद्यापीठाच्या डॉरथी ब्रक आणि इयन थॉमस यांनी २००७ साली यावर अभ्यास केला. ज्यांना कमी ऐकू येते अशी माणसे निजली असताना त्यांच्यावर वेगवेगळे इशारे करून पाहिले. नेहमीच्या बारीक आवाजाने निम्म्यांहून थोडीच अधिक माणसे जागी झाली. सेकंदाला ५२० कंपनांच्या जाड आवाजाने दहांतली नऊ जागी झाली. ५२० म्हणजे जवळजवळ आमच्या पेटीचा तार सा! मात्र तो नुसता एकच सूर नसतो, पेटीसारखाच त्यात वरचेही सूर मिसळलेले असतात, म्हणून तो भरीव लागतो. पुढे अमेरिकेच्या अग्निसुरक्षेच्या नियमावलीत २०१० पासून, कमी ऐकू येणारे जेथे निजतात तेथे ५२० चाच आवाज असावा असे आले.

पण ज्यांना मुळीच ऐकू येत नाही त्यांना जाड काय आणि बारीक काय? त्यांच्यासाठी दोन तऱ्हा आहेत. एक, लखलखणारा दिवा. दुसरी, गादीखाली किंवा उशीखाली ठेवायची चपटी चकती. धुराचे यंत्र वाजले की चकती जोराने थरथरते. आम्हा सगळ्यांना वाटले, दिवाच चांगला. गुरुजींनी हात वर करायला सांगितले तर दिव्याच्या बाजूने जवळजवळ सगळा वर्ग! आम्ही चुकलो. त्याच अभ्यासात दिव्याने चौघांतला एकच जागा झाला, आणि चकतीने दहांतली आठ माणसे जागी झाली. विचार केला तर पटते. निजलेल्याचे डोळे मिटलेले असतात, तोंड भिंतीकडे असते, आणि आपल्याकडे तर डोक्यावरून गोधडी असते. जागेपणी दिवा उत्तम. शिवू लागलेल्या, दळण निवडणाऱ्या बहिऱ्या माणसाला दारावर कोणी आले हे दिव्याने चटकन कळते. झोपेत मात्र अंगाला हिसका बसला पाहिजे. काकीने तेच केले होते, खांदा धरून हलवले होते.

नाकाचेही सांगते. स्वयंपाकाच्या गॅसला मूळचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम घाण वासाचे द्रव्य मिसळतात. हा इशारा बहिऱ्यालाही कळतो. आजीला तो आमच्याआधी कळतो. असा वास आला तर दिव्याचे बटण चालूही करू नये आणि बंदही करू नये, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे. हा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साठतो, म्हणून खाली निजलेल्यांना आधी उठवावे. जपानमध्ये काही संशोधकांनी तर बहिऱ्यांसाठी वासाबी नावाच्या झणझणीत कंदाचा वास सोडणारी सूचना-यंत्रणा तयार केली. २०११ साली त्यांना त्यासाठी इग नोबेल हे पारितोषिक मिळाले. हे पारितोषिक आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या शोधांना देतात. वासाबीत आणि आपल्या मोहरीत झोंबणारे द्रव्य एकच असते. मोहरी फेसताना नाकात जाते ते आठवा. पण एक आहे. साधा वास झोपेत माणसाला उठवीलच असे नाही, म्हणून नाकावर भिस्त ठेवून निजू नये.

एवढे कळल्यावर आम्ही पाच जणांनी आजीसाठी थरथरणारी डबी करायची ठरवली. मोडक्या खेळण्यातली छोटी मोटर घेतली. तिच्या दांडीवर खोडरबराचा तुकडा एका बाजूला येईल असा खोचला. वजन एका बाजूला असले की मोटर फिरताना थरथरते. मोबाइलही असाच थरथरतो. मोटर साबणाच्या डबीत घट्ट बसवली, दोन सेल जोडले आणि लांब वायर काढून बटण आईच्या उशाशी नेले. (घरातल्या विजेला हात लावायचा नाही, फक्त सेल वापरायचे, अशी गुरुजींची सक्त ताकीद होती.)

पहिल्या रात्री डबी आजीच्या उशाखाली ठेवली. आजी उशी घेत नाही, जुन्या लुगड्याची जाड घडी घेते. त्या घडीत थरथर जिरून गेली. आजी सकाळी उठून विचारते, "कधी वाजवणार होता?" दुसऱ्या रात्री डबी बाजेच्या लाकडी चौकटीला सुतळीने आवळून बांधली. बटण दाबल्याबरोबर बाज खडखडू लागली आणि आजी उठून बसली. आम्ही टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या रात्री बटण दाबले तर काहीच नाही. मांजराने वायर ओढून सेलपासून सोडवली होती. आई म्हणाली, "अशा डबीच्या भरवशावर मी कशी झोपू?" तिचे बरोबर होते.

बाबांनी तोड काढली. त्यांनी पडवी आणि आमची खोली यांच्यामधल्या खिडकीतून एक दोरी नेली. एक टोक बाजेच्या पायाला, दुसरे आईच्या खाटेला. दोरी हिसडली की सगळी बाज हलते. वीज लागत नाही, सेल लागत नाही, मांजराने ओढली तर आजीच जागी होते. पण आजी रागावली. "मला काय गुरासारखं दाव्याला बांधताय?" असे म्हणून तिने दोरी सोडून टाकली आणि त्या दिवशी ती जेवलीही नाही. आम्ही तिला न विचारताच सगळे केले होते, हे तेव्हा कोणाच्या ध्यानातच आले नव्हते. संध्याकाळी बाबा तिच्याजवळ बसले. त्यांनी जाड आवाजात, सावकाश, आगीच्या रात्री आईने काय सोसले ते सांगितले. आजी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दोरी बाजंला बांधा, मला नको. आन् माझ्याकडनंबी वढता आली पाहिजे."

तसे केले. आता बाजेच्या बाजूनेही दोरी ओढता येते. आणि ती रोज पहाटे चार वाजता ओढते, चहासाठी. आईची झोप तशी मोडतेच, पण ती मधल्या रात्री उठून पडवीत जात नाही.

दारावर बाबांनी एक लाल दिवा आणि बटण बसवले आहे, दिवसा आजी घरात एकटी असते तेव्हासाठी. वीज गेली की तो बंद, म्हणून त्याच्यावर सगळे सोपवलेले नाही. मोबाइलचेही तसेच. २०२३ साली सरकारने आपत्तीच्या सूचनेची चाचणी म्हणून मोबाइलवर मोठ्या आवाजाचे, थरथरणारे संदेश पाठवले होते ते गुरुजींना आठवतात. ती सोय चांगली आहे, पण कोनाड्यात ठेवलेला मोबाइल कितीही थरथरला तरी बाजेवर निजलेल्याला काय कळणार? तो अंगाशी, हाताखाली हवा.

गुरुजींनी वर्गात एक वही केली आहे. ती त्यांच्या टेबलावर आहे. तिच्यात तीन रकाने आहेत. पहिल्या रकान्यात ज्यांना कमी ऐकू येते त्या घरच्या माणसाचे नाव, दुसऱ्यात ते रात्री कोठे निजतात, आणि तिसऱ्यात गलका झाला तर त्यांना हाताने हलवून उठवायला कोण जाणार त्याचे नाव. शाळेत आलेल्या पालकांनी आपल्या घरची ओळ लिहून जावी. तिसऱ्या रकान्यात 'घरातील सर्व' असे लिहू नये, एकाच माणसाचे नाव लिहावे. आमच्या घरच्या ओळीत तिसऱ्या रकान्यात काकीचे नाव आहे. ती माहेरी गेली की माझे.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी